गोड मानून घेणारा माणूस

"साखर दोन चमचे चालेल ना?" स्वयंपाकघरातून आजींनी विचारलं.

"चालेल की!"

होयबा बाथरूमच्या दाराशी वॉशिंग मशीन आडवं करून त्याच्यापुढे उकिडवा बसला होता. एक हात मशीनच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला, दातांत दोन स्क्रू धरलेले. त्यामुळे त्याचं 'चालेल की' हे 'शालेल की' असं बाहेर आलं. पण होकार तो होकार. पंपात अडकलेली केसांची पिन त्यानं चिमटीत धरून ओढली, पाठोपाठ एक बटण काढलं, नळी पुसून जागच्या जागी बसवली. तोवर चहा आला. सोबत बशीत केकचा चांगला जाडजूड तुकडा.

"नातीच्या वाढदिवसाचा उरलाय," आजी म्हणाल्या. "आमच्याकडे खाणारं कोण आहे आता? ह्यांना दात नाहीत नि मला पित्त. तुम्ही संपवून टाका, म्हणजे मी सुटले."

होयबानं आजींना सोडवलं. बशी चाटूनपुसून परत केली आणि वर "फार छान झालाय हो" असंही म्हणाला. केक दुकानातून आणलेला होता, तरी आजी लाजल्या.

सकाळपासूनचं हे चौथं घर आणि हा चौथा चहा. होयबाला मधुमेह होता, आणि तो काही कालपरवाचा नव्हता.

होयबा हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. ते मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं ठेवलेलं. लग्न ठरवायला बसले तेव्हा मुलीकडच्यांनी जे जे विचारलं त्याला हा 'हो' म्हणत गेला. पोहता येतं? हो. गाणं आवडतं? हो. तिखट चालतं? हो. मेव्हण्याला शंका आली. त्यानं गंभीर चेहरा करून विचारलं, "आणि विमान चालवता?" तेव्हाही याची मान अर्धी हललीच. तेव्हापासून तो होयबा. बिऱ्हाड बदललं, केस पांढरे झाले, नाव तेवढं काळंभोर राहिलं.

त्याला खोटारडा म्हणता आलं नसतं. खोटं बोलणाऱ्याचा काहीतरी फायदा असतो. होयबाचा कसलाच नसे. समोरच्या माणसाचा चेहरा जरासा उतरलेला त्याला बघवत नसे, एवढंच. तो उतरू नये म्हणून तो काय वाटेल ते गिळायला तयार असे, आणि गिळतही असे.

डॉक्टरांपुढेही तेच. खुर्चीत बसला की मान आपोआप हलायला लागे.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"हो."

"रोज चालता?"

"हो हो."

"गोड बंद केलंय ना?"

"म्हणजे काय!"

डॉक्टर रिपोर्ट त्याच्यासमोर सरकवत. "तुम्ही 'हो' म्हणताय आणि तुमचं रक्त 'नाही' म्हणतंय. मी कुणाचं खरं धरू?"

"तुमचंच खरं, डॉक्टरसाहेब," होयबा मनापासून म्हणे.

शेजारच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी एकदा त्याला कसलीशी हिरवी पूड दिली आणि ती चालू असेपर्यंत गोळ्यांना हात लावायचा नाही असं बजावलं. होयबानं गोळ्या बंद केल्या. मग औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, असली पूडबिड घेऊ नका. होयबानं पूड बंद केली. गोळ्या पुन्हा सुरू करायच्या मात्र राहून गेल्या, कारण तसं त्याला कुणी म्हटलंच नाही.

त्याची बायको बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायची. दिवसभर 'नाही' म्हणायचीच तिची नोकरी होती. सीट नाही, सुट्टे नाहीत, ही खिडकी नाही, पलीकडची. माणसं तणतणत, ती पुढच्याकडे बघे. घरी आल्यावर ती नवऱ्याला विचारी, "बाहेर चहा नाही ना प्यालात?"

"नाही गं."

"गोळी घेतलीत ना?"

"घेतली ना."

ती प्रश्नातच उत्तर ठेवून देई. होयबा ते उचलून तिला परत करी. मग महिन्याभरानं रिपोर्ट येई आणि घरात दोन दिवस भांडी जरा जास्तच आपटत.

"भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची," ती म्हणे. "तुमच्याकडे तर दोघी मुक्कामालाच आल्यात."

होयबा यालाही मान हलवी.

मग ते बूट आले.

मेव्हण्याचं चपला-बुटांचं दुकान होतं, बाजाराच्या नाक्यावर. माणूस दिलदार. मोठं पोट, मोठा आवाज, मोठं मन. एका रविवारी तो खोकं काखेत मारून घरी आला आणि दारातूनच ओरडला, "जावईबापू, डोळे मिटा!"

होयबानं डोळे मिटले.

खोक्यात तपकिरी चामड्याचे बूट होते, कडेनं बारीक टाक्यांची शिलाई असलेले. "शेवटचा जोड. गिऱ्हाईक मागत होतं, दिला नाही. म्हटलं, आमचे जावईबापू दिवसभर लोकांच्या घरी जातात, पाय कसे रुबाबदार दिसले पाहिजेत. घाला बघू!"

होयबानं पाय घातला. बोटं एकमेकांच्या अंगावर चढली.

"कसा बसतोय?"

"अगदी मापात, दादा. माझ्यासाठीच शिवल्यासारखा."

"चालून दाखवा."

होयबा खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. बायकोनं त्याच्या चालीकडे बघत विचारलं, "आवळत नाही ना?"

"नाही गं."

त्या बुटांना घरी ठेवायचीही सोय नव्हती. कामावर जायची वाट दुकानावरूनच जायची. होयबाची स्कूटर दिसली की मेव्हणा गल्ल्यावरून मान वाकडी करून आधी पायांकडे बघे आणि मग अंगठा वर करून दाखवी. पहिले काही दिवस बूट चांगलेच चावले. मग चावायचे थांबले. होयबाला वाटलं, चामडं सैल झालं असेल. सैल काहीच झालं नव्हतं. अंगातल्या साखरेनं पायांची जाणीवच हळूहळू पुसत आणली होती. तळव्यांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं, हे त्याला बरेच महिने कळत होतं. पण कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची त्याला सवय नव्हती.

डाव्या करंगळीशी झालेली जखम त्यानं आंघोळीच्या वेळी पाहिली. त्यावर एक चिकटपट्टी लावून टाकली. बायकोला सांगावं तर ती बुटांचं विचारणार, ती दादाला बोलणार, दादा खट्टू होणार. एका पट्टीखाली त्यानं सगळ्यांची मनं झाकली.

पुढच्या रविवारी बायकोनं कपडे भिजवायला घेतले, आणि त्याचा एक मोजा हातात घेऊन ती तशीच बाहेर आली. मोज्याचं टोक ओलं होतं आणि त्याला वास येत होता.

"पाय दाखवा."

"काही नाही गं, जरासं—"

"पाय!"

त्यानं पाय पुढे केला. बायकोनं पट्टी काढून पाहिली. तिनं हातातला मोजा खाली टाकला, पर्स घेतली आणि रिक्षा आणायला गेली.

दवाखान्यात साखर तीनशेच्या वर निघाली. दुसऱ्या दिवशी सर्जन आले. तरुण होते, पण आवाज मऊ होता. करंगळी काढावी लागेल, म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर करंगळीवर भागलं नसतं. सगळं नीट समजावून त्यांनी विचारलं, "लक्षात आलं ना? तयार आहात?"

आणि होयबाच्या तोंडून 'हो' निघेना. जन्मभर पाण्यासारखा वाहणारा शब्द अडून बसला. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं त्याचा हात धरला. सर्जन घाई न करता उभे राहिले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हो," आणि तो शब्द केवढा जड असतो ते त्याला त्या दिवशी समजलं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या तो पुटपुटला, "दादांना सांगू नकोस."

"काय?" बायको वाकली.

"बुटांचं. त्यांना वाईट वाटेल."

ती ताडकन सरळ झाली. "तुमचं बोट गेलं! अहो, बोट गेलं! उद्या कुणी पायावर कुऱ्हाड घातली तरी म्हणाल, कुऱ्हाडीला काही बोलू नका, तिला वाईट वाटेल!" आणि ती बाहेर व्हरांड्यात निघून गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या होत्या. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात मात्र विलक्षण हलका. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मेकॅनिक, दुखलं तर सांगा."

"नाही दुखत."

पायाच्या वरच्या बाजूला जाणीव अजून शिल्लक होती, आणि तिथं चांगलंच दुखत होतं. सिस्टरांनी पट्टीचा वेढा घेता घेता वर पाहिलं. "डोळ्यांतून पाणी येतंय की तुमच्या."

"ते असंच."

सिस्टरांनी हात थांबवला. "दुखतंय म्हटलंत तर मला राग येईल असं वाटतं का तुम्हाला?"

होयबा ओशाळला. "तुम्ही एवढं मन लावून करताय…"

सिस्टरांनी चष्मा काढून कपाळाला हात लावला. "म्हणजे असं आहे तर! मी म्हणतेय, या माणसाची साखर एवढी चढली कशी. रोज किती जणांचं मन राखता?"

त्यानं सांगितलं. कसं कुणास ठाऊक, पण सगळं सांगितलं. चार घरचे चार चहा, केक, हेडमास्तरांची पूड, बूटसुद्धा. कदाचित त्या खाली बघून पट्टी बांधत होत्या, त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून जमलं असेल.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ड्रेसिंगच्या आधी वाफाळता कप त्याच्यापुढे धरला. "घ्या."

होयबाचा हात निघालाच. "कशाला उगीच त्रास—"

"साखर आहे त्यात."

"थोडी असेल तर—"

सिस्टरांनी कप मागे ओढला. "म्हणा, नको."

"नको… म्हणजे तुम्ही आता केलाच आहे तर अर्धा…"

शेजारच्या बाकावर हात गळ्यात बांधून बसलेला एक म्हातारा खो खो हसायला लागला. सिस्टरांना हसू आलं नाही. "हे बघा, नकोच्या पुढे काही नाही. नको म्हणायचं आणि तोंड मिटायचं. कारण सांगायला गेलात की समोरचा ते कारण खोडून काढतो, आणि तुम्ही गेलात वाहून. हसायचं असेल तर हसा. पण तोंड मिटून."

रोज ड्रेसिंग, रोज कप. तो म्हातारा तर मुद्दाम याच्या वेळेला येऊन बसायला लागला. कधी होयबा 'नको' म्हणून पुढे 'पण' जोडी, कधी 'नंतर घेतो' म्हणे, एकदा तर नको म्हणता म्हणता कप हातात घेतलाच. शेवटी एका सकाळी तो म्हणाला, "नको, सिस्टर," आणि ओठ घट्ट दाबून बसला. कपाळावर घाम आला होता.

सिस्टरांनी शांतपणे तो चहा स्वतःच प्यायला. "जग बुडालं का?"

"नाही."

"अरे वा, एका बैठकीत दोन नकार झाले!" म्हातारा ओरडला.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरांनी बायकोला बाजूला घेतलं. "तुम्ही यांना 'चहा नाही ना घेतला' असं विचारू नका. असं विचारलंत की ते बिचारे तुम्हाला हवं तेच म्हणणार. 'आज चहा कुठे कुठे झाला?' असं विचारा. आणि खरं सांगितलं की ओरडायचं नाही. एवढं जमेल?"

बायकोच्या खिडकीशी लोक कितीही तणतणले तरी ती शांत राही; तिथलं राहिलेलं सगळं घरी निघे. "प्रयत्न करीन," ती म्हणाली.

संध्याकाळी मेव्हणा घरी आला. दवाखान्यातही येऊन गेला होता, मोठमोठ्यानं रडला होता. जखम कशानं झाली ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आज त्याच्या काखेत पुन्हा खोकं होतं.

"जावईबापू, बरे झालात की हे घालायचे. तस्सेच, फक्त काळे. कारखान्यातून खास मागवलेत."

बायको दारात उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. होयबानं खोक्याकडे पाहिलं, मग मेव्हण्याच्या उत्सुक चेहऱ्याकडे. आता हा चेहरा पडणार, आणि तो आपण पाडणार.

"नको, दादा."

"अहो, नको काय? आपल्या घरचं आहे."

होयबानं तोंड मिटलं होतं. पण हे नुसत्या 'नको'वर भागणारं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. "ते बूट लहान होते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. बोट त्यानंच गेलं."

मेव्हणा मटकन खुर्चीत बसला. त्याचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मग… बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या हौसेनं आणले होते."

"अहो, मी बूट विकतो हो!" मेव्हणा रडवेला होऊन म्हणाला. "दिवसभर लोक तोंडावर सांगतात, हा लहान, हा मोठा, हा चावतो. बायका तर फेकून देतात. मी काय रडत बसतो? दुसरा काढून देतो! तुम्ही एक शब्द बोलला असतात तर…" त्याचं तोंड खरंच पडलं होतं, होयबाला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. होयबाच्या मनात आलं, चटकन काहीतरी म्हणावं, जाऊ द्या म्हणावं, हसावं. तो काही बोलला नाही. बसून राहिला आणि ते तोंड बघत राहिला.

थोड्या वेळानं मेव्हणा उठला. त्यानं खिशातून मापाची पट्टी काढली, आपलं भलंमोठं पोट सांभाळत होयबापुढे जमिनीवर बसला आणि त्याचा चांगला पाय मांडीवर घेतला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घेतलं, मग बोटांच्या रुंदीचं घेतलं. गिऱ्हाइकांची मापं त्यानं आयुष्यभर घेतली होती; या पायाचं कधी घेतलं नव्हतं.

"इथं दाबलं तर?" त्यानं विचारलं.

"तिथं कळत नाही काही," होयबा म्हणाला.

"मग मऊ तळाचे करून घेऊ. आतून शिवण नसलेले. आणि संध्याकाळी रोज पाय बघायचे, काय? तुम्ही नाही. ही बघेल. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

बायको हसली. बऱ्याच दिवसांनी.

जखम भरल्यावर होयबा कामाला लागला. एकदम सगळं जमलं, असं काही झालं नाही. आजींच्या घरी त्यानं 'नको' म्हटलं आणि त्या "बरं" म्हणून आत गेल्या. इतक्या सहज, की त्यालाच जरा चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या एका घरी मात्र त्याचा धीर सुटला आणि त्यानं बशीभर गोड खाल्लं. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "आज कुठे कुठे काय झालं?" त्यानं खरं ते सांगितलं. बायकोच्या नाकपुड्या फुलल्या. मग ती म्हणाली, "बरं. जेवणाआधी एक फेरी मारून येऊ," आणि चपला घालून त्याच्याबरोबर निघाली.

लाँड्रीवाल्याचं मात्र बिनसलं. ते जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडे तीन मोठी मशीनं होती आणि आपल्या हातच्या चहाचा त्याला भारी अभिमान होता. होयबानं 'नको' म्हटल्यावर त्यानं तीनदा आग्रह केला. तिन्ही वेळा होयबा हसून तोंड मिटून बसला. लाँड्रीवाल्यानं कप टेबलावर आदळला. "आमचा चहा आता कडू लागायला लागला का? मोठे झालात!"

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. काही आठवड्यांनी होयबा तिथून जात होता तेव्हा लाँड्रीबाहेर दुसऱ्याच मेकॅनिकची स्कूटर दिसली. परत जावं, घोटभर प्यावं, माणूस तुटला नसता, असं वाटलं. नाक्यापर्यंत ते वाटत राहिलं. पुढं एका घरी फ्रिज गळत होता. तो दुरुस्त करता करता ते मागं पडलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एक माणूस आपल्यावर रागावलेला आहे, आणि आपल्याला झोप येते आहे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "गोळ्या वेळेवर घेता?"

"रोज नाही, डॉक्टर. दुपारची राहते. कामात हात काळे असतात, मग विसरतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगताय. मग दुपारची काढूनच टाकू. दुसरी देतो, सकाळी घ्यायची." त्यांनी रिपोर्ट उलटून पाहिला. आकडा उतरला होता. अजून हवा तिथे आला नव्हता; पण कासवाच्या चालीनं का होईना, निघाला होता. "यावेळी तुमचं आणि तुमच्या रक्ताचं एकमत दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

मग सुट्टी बघून दोघं काकूकडे गेली. काकूचं गाव बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. होयबाचे आईवडील तो लहान असताना गेले आणि काकूनं त्याला आपल्या मुलांत आणून ठेवलं होतं. आता ती ऐंशीच्या पुढची, कंबरेत वाकलेली, मुलं आपापल्या घरी. पायाचं तिला फोनवर सांगितलं होतं. तिनं आल्या आल्या त्याला बूट काढायला लावला, पाय नीट बघितला, करंगळीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं, आणि आत जाऊन डबा घेऊन आली.

डब्यात तिच्या हातची साखरेत घोळवलेली बिस्किटं होती. "घे. दोनच घे. तुझ्यासाठी केलीत."

बायकोनं खिडकीबाहेर बघितलं.

याच घरात, याच टेबलाशी तो लहानाचा मोठा झाला होता. काकूनं त्याला कधी कमी केलं नव्हतं. पण आपण इथले नाही, आपल्याला ठेवून घेतलंय, हे त्या वयातही त्याला कुणी न सांगता समजलं होतं. ताटात पडेल ते गोड मानून खायचं, चुलत भावाचा आखूड झालेला सदरा मिळाला की छान आहे म्हणायचं, पुन्हा काही मागायचं नाही. त्या घरात तो ज्या दिवशी आला त्या दिवसापासून काकूला त्यानं एकदाही नकार दिला नव्हता.

"नको, काकू," तो म्हणाला.

आणि तोंड मिटलं.

काकूनं डबा तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. मग झाकण लावलं. "माझी पोरं कशी नको नको करत ताटं ढकलायची," ती म्हणाली. "हे नको, ते नको, भाजी नको, दूध नको. तू कधी ढकललं नाहीस. लोक म्हणायचे, केवढा गुणी आहे. मला रात्री झोप लागायची नाही. म्हणायची, हे पोर अजून पाहुण्यासारखंच राहतंय. माझं काय चुकतंय?"

जन्मभर जी गोष्ट होयबानं काकूला बरं वाटावं म्हणून केली, तीच तिला टोचत राहिली होती.

"तुझं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला.

"नसेल. डबा ठेवून देते, थोरला येईल तो खाईल." तिनं डबा बाजूला सारला. "मग तुला काय देऊ?"

हा प्रश्न त्याला नवा होता. काय चालेल, असं लोक विचारत. काय हवं, हे फारसं कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यानं 'काहीही' म्हटलं असतं. आताही ते जिभेवर आलं होतं. तो थांबला. खरंच काय हवंय, ते आत शोधायला त्याला थोडा वेळ लागला. काकू थांबली होती.

"काकडी आहे?" त्यानं विचारलं. "जाड काप करून. आणि मीठ लावून."

"जाडच? पातळ नको?"

"पातळ नको."

काकू टेबलाचा आधार घेत उठली. एक हात कंबरेवर, दुसरा भिंतीला लावत, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडे निघाली. होयबाचं अंग सवयीनं खुर्चीतून अर्धं उठलं. राहू दे, मीच घेतो, असे शब्द ओठांवर आले. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तो परत खाली बसला. पाठ खुर्चीला टेकली, पाय लांब केले.

आत नळ सुटला, बंद झाला. मग फळीवर सुरीनं काकडी कापल्याचा आवाज यायला लागला, सावकाश, थांबून थांबून. तो ऐकत बसून राहिला.